कायरोप्रॅक्टरकडे जाण्यापूर्वी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाची कंबर धरली की ऑफिसातले कोणीतरी त्याला हमखास कायरोप्रॅक्टरचे, म्हणजे हातांनी मणके आणि सांधे हाताळून उपचार करणाऱ्याचे, नाव सुचवते. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, हे आपण घरात ऐकत आलो असल्यामुळे औषधाविना पाठ मोकळी करण्याची कल्पना आपल्याला परकी वाटत नाही. कायरोप्रॅक्टर मात्र रीतसर शिक्षण घेतलेला आणि राज्याचा परवाना असलेला व्यावसायिक असतो. त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरावी आणि कोणती धरू नये, हे आधीच माहीत असावे असे मला कळकळीने वाटते.

या उपचारपद्धतीचा उगम आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावचा. तेथे १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या मणक्यावर दाब देऊन त्याची गेलेली श्रवणशक्ती परत आणल्याचा दावा केला, आणि पुढे बहुतेक सर्व आजारांचे मूळ मणक्यांच्या सरकण्यात आहे असा सिद्धांत मांडला. तो सिद्धांत पुराव्याच्या कसोटीवर टिकलेला नाही. तरीही दमा किंवा लहान मुलांचे कानाचे दुखणे मणके ‘बसवून’ बरे करू, असे सांगणारे दवाखाने आजही आढळतात. तेथून सरळ उठून यावे.

कंबरदुखीची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, नव्याने उद्भवलेल्या साध्या कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करून पाहण्याच्या उपायांमध्ये शेक, मालिश आणि ॲक्युपंक्चर यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारही धरला आहे. त्यामागचा पुरावा भक्कम नाही आणि मिळणारा आराम बेताचाच असतो, पण कंबर धरलेल्या माणसाला बेताचा आरामही मोलाचा वाटतो.

पहिल्या भेटीत निम्म्याहून अधिक वेळ विचारपूस आणि तपासणीत जायला हवा. कायरोप्रॅक्टर वाकायला लावतो, पाय सरळ उचलून पाहतो, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो. त्यानंतर बहुधा कुशीवर झोपवून वरचा पाय गुडघ्यात दुमडतात, खांदा एका हाताने स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने कमरेच्या खालच्या भागावर छोटासा पण अतिशय जलद झटका देतात. त्या वेळी येणारा कट्ट आवाज हाडांचा नसून सांध्यातील द्रवात निर्माण होणाऱ्या वायूच्या पोकळीशी संबंधित असतो, आणि तो आला नाही म्हणून उपचार फसला असे समजू नये.

भेटीसाठी सहसा डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, परंतु विमा कंपनीची अट वेगळी असू शकते, म्हणून आधी फोन करून विचारावे. परवाना चालू आहे का आणि काही कारवाई झाली आहे का, हे राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यामध्ये मणक्यावरील हस्तोपचाराचा खर्च अटींसह मिळतो, पण कायरोप्रॅक्टरने सांगितलेल्या एक्स-रेचा किंवा मालिशचा मिळत नाही. पहिल्याच दिवशी अनेक महिन्यांच्या भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापेक्षा, काही भेटींत फरक पडला नाही तर थांबू, असे सांगणारा आणि घरी करायचे व्यायाम शिकवणारा माणूस मला अधिक विश्वासाचा वाटतो.

मानेच्या बाबतीत मी अधिक सावध राहायला सांगेन. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना दुर्मीळ असल्या तरी नोंदल्या गेल्या आहेत, आणि ‘मानेला झटका नको’ असे म्हणण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. हाडे ठिसूळ झाली असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तर ते न विचारताही सांगावे. कंबरदुखीबरोबर जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पायातली शक्ती झपाट्याने कमी होऊ लागली, तर कायरोप्रॅक्टरची वेळ घेत न बसता त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.