१२ मिमीचं डी-बिट आणि गनमेटलचा सिलेंडर

इंजिनाचं काम आता सिलेंडरपाशी आलंय. डुलत्या सिलेंडरचं छोटं वाफेचं इंजिन आहे. बोअर (आतल्या भोकाचा व्यास) १२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २० मिमी, आणि चालणार अर्थातच कॉम्प्रेसरच्या हवेवर. सिलेंडरसाठी गनमेटलच्या (तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या) रॉडचा तुकडा भंगारवाल्याकडून वजनावर मिळाला. बोअर फिनिश करायला रीमर (ड्रिलने पाडलेलं भोक नेमक्या मापावर आणणारं विकतचं हत्यार) न आणता त्याच कामाचं डी-बिट घरीच केलं. त्याच्या या नोंदी.

रीमरला माझा विरोध नाही. पण तो आधीच्या भोकाच्या मागे मागे जातो. ड्रिल वाकडं गेलं असेल तर रीमर ते वाकडं भोक गुळगुळीत करून देतो, सरळ करत नाही. शिवाय पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या आसपास स्वस्तात मिळणाऱ्या वापरलेल्या रीमरचा भरवसा धरता येत नाही. एखाद्या कडेवर बारीकसा टवका असला की बोअरमध्ये शेवटपर्यंत ओरखडा उमटतो. डी-बिट मात्र हव्या त्या मापाचं करता येतं. ११.७ मिमी हवं असेल तर ११.७. घरच्या लेथवाल्याला हा फायदा सगळ्यात मोठा.

हत्यार अगदी साधं आहे. गोल रॉड, त्याचं टोक निम्म्यापर्यंत सपाट केलेलं, म्हणजे समोरून बघितलं तर इंग्रजी डी. कापते फक्त टोकाची एक कड. बाकीची अर्धगोल पाठ भोकाच्या भिंतीला टेकून हत्याराला सरळ ठेवते.

मटेरियल सिल्व्हर स्टील. नावात चांदी असली तरी ते साधारण १ टक्का कार्बनचं, थोडं क्रोमियम असलेलं पोलाद आहे, आणि ग्राइंड केलेल्या रॉडच्या रूपात मिळतं. १२ मिमीचा रॉड मायक्रोमीटरवर १२ भरला की बाहेरून टर्निंग करायचं कामच उरत नाही. ईएन ८ हे नेहमीचं पोलाद चालणार नाही, त्यात कार्बन कमी पडतो. जुन्या ड्रिलच्या शँकपासून (चकमध्ये धरायच्या मागच्या दांड्यापासून) करावं असं कुणी सुचवेल, पण ती शँक बहुधा मऊ असते आणि नेमकं कोणतं पोलाद आहे ते कळत नाही. अशा रॉडला पाणी देणं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करणं, हा जुगार.

सपाट भाग बोअरच्या खोलीपेक्षा लांब हवा, नाहीतर कीस साठायला जागा राहत नाही. माझा सिलेंडर ३५ मिमी लांब, म्हणून सपाटी ५० मिमी ठेवली. मिलिंग अटॅचमेंट नसेल तर करवत आणि कानस पुरे. आधी मोठ्या कानशीने उतरवायचं, मग बारीक कानस आडवी धरून ओढत न्यायची. जाडी मायक्रोमीटरने मोजत राहायची. बरोबर निम्मी म्हणजे ६.०० होते, मी ६.०३ वर थांबलो.

निम्म्यापेक्षा किंचित जास्तच ठेवा असं सगळे सांगतात, म्हणून एकदा हिशोब मांडला. निम्म्याच्या ०.०३ वर राहिलं काय किंवा तेवढंच खाली गेलं काय, सपाटीच्या रुंदीत पडणारा फरक एका मायक्रॉनच्याही आत आहे. म्हणजे प्रश्न मापाचा नाही, आधाराचा आहे. जाडी निम्म्याहून कमी झाली की पाठ अर्ध्या वर्तुळापेक्षा कमी उरते, भिंतीची पकड सुटते आणि बिट सरकायला मोकळं होतं. चांगली अर्धा मिमी खाली गेली तर व्यासही ०.०४ ने घटतो. जास्तीचे ते दोन-तीन शतांश पाणी दिल्यावर ऑइलस्टोनवर सपाटी घासायलाही उपयोगी पडतात.

टोकाला मागे ८ अंशांचा उतार दिला. सपाट बाजू वर ठेवून टेलस्टॉकमध्ये (लेथच्या उजवीकडच्या, हत्यार धरणाऱ्या भागात) धरलं तर आपल्या बाजूची कड कापते, म्हणून पलीकडची अर्धी कड थोडी मागे घासून टाकली. कापणाऱ्या कोपऱ्याला ऑइलस्टोनचा एकच हलका हात. एवढ्याने फिनिशमध्ये स्पष्ट फरक पडतो.

आता पाणी देणं. यात घाई नको.

दोन इन्सुलेशन विटा कोपऱ्यात उभ्या करून छोटी भट्टी केली, एलपीजीचा टॉर्च लावला. उघड्या हवेत १२ मिमीचा रॉड पुरेसा तापत नाही. विटा उष्णता परत फेकतात तेव्हा कुठे लाली येते. पोलादावर पापुद्रा धरू नये म्हणून टोकाला टाकणखाराचा पाण्यातला लेप दिला. सोनार झाळण्यासाठी वापरतात तोच टाकणखार, काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. नंतर गरम पाण्यात उकळला की निघून जातो.

तापमान ७७० ते ७९० अंशांच्या दरम्यान हवं. पायरोमीटर नसला तरी चुंबक असतो. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या सुमारास जातं, त्यामुळे तारेला टांगलेला चुंबक टोकाकडे ओढला जायचा थांबला की आणखी थोडंसं तापवायचं आणि तिथेच धरायचं. खोलीत अंधार करा. भर उन्हात रंग फसवतो, लाल दिसेपर्यंत पोलाद गरजेपेक्षा जास्त तापलेलं असतं. जास्त तापलं की कण मोठे होतात आणि धार भुरभुरते.

बुडवताना अगदी उभं, सरळ खाली. डीच्या आकारात एका बाजूला धातू कमी असतो, त्यामुळे तिरकं बुडवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि बिट केळं होऊन बाहेर येतं. मी फक्त पुढचे १५ मिमी लाल केले. कापतं तेच टोक, मागचा भाग मऊ राहिलेलाच बरा. पाणी कोमट होतं, कारण गार पाण्यात तडा जायची भीती. बुडवल्यावर पाण्यात वरखाली हलवत राहायचं, गोल ढवळायचं नाही. गॉगल घातल्याशिवाय यातलं काहीच करू नका, गरम पाण्याचे शिंतोडे नेमके डोळ्यांच्या उंचीवर येतात.

नंतर जुनी कानस टोकावर फिरवून पाहायची. ती चावली नाही, काचेवरून घसरावी तशी घसरली, की पाणी लागलं. या अवस्थेत बिट ठिसूळ असतं. फरशीवर पडलं तर दोन तुकडे.

टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडं तापवणं) टॉर्चने करता येतं, पण मला ओव्हन आवडतो. टोक एमरीने चकचकीत घासलं, तेल पूर्ण पुसलं (नाहीतर पुढच्या केकला वर्कशॉपचा वास येतो) आणि ओटीजीत २१० अंशांवर तासभर ठेवलं. ओटीजीच्या डायलवर माझा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे सोबत पोलादाचा घासलेला तुकडा ठेवून त्याचा रंग बघत राहिलो. फिका पिवळा आला की बस. तपकिरीकडे झुकला तर पितळ-गनमेटलसाठी धार लवकर बोथट होते. जांभळा किंवा निळा आला तर सरळ पुन्हा पाणी द्यायचं. शेवटी सपाट बाजू ऑइलस्टोनवर घासली. गोल पाठीला दगड लावायचा नाही, तिथे माप आहे.

बिट तयार झालं, पण ते वापरण्याआधी लेथचं बघावं लागलं. माझा लेथ जुना, पट्ट्यावर चालणारा. अशा लेथचा टेलस्टॉक वर्षानुवर्षं बेडवर घासून खाली बसलेला असतो. आडवा सरकवायला स्क्रू असतात, उंचीसाठी काहीच नसतं. चकमध्ये डायल (शतांश मिमीचा फरक दाखवणारं मापक) धरून टेलस्टॉकच्या टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, आतून फिरवला. वर आणि खाली रीडिंगमध्ये फरक आला. त्याच्या निम्म्याने टेलस्टॉक खाली. पण हा आकडाही लगेच खरा मानायचा नाही. डायल धरणारा दांडा लांब असेल तर तो स्वतःच्याच वजनाने वाकतो आणि टेलस्टॉक आहे त्यापेक्षा कमी खाली दाखवतो. दांडा होईल तितका आखूड केला तेव्हा फरक ०.२० भरला, म्हणजे खरी घट ०.१०. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण तेवढाच जाड. टेलस्टॉकचा वरचा भाग खोलून, दोन्ही पृष्ठभाग पुसून पत्र्याचे शिम (उंची वाढवणारे पातळ तुकडे) घातले. मोजणी काम जिथे होणार तिथेच करा, टेलस्टॉकचं बॅरल (पुढे-मागे सरकणारी नळी) तितकंच बाहेर काढून आणि लॉक करून. बेडची झीज सगळीकडे सारखी नसते.

मग बोअर. फोर-जॉ चकमध्ये (चार स्वतंत्र जबड्यांच्या) जॉब डायलवर सेंटर केला, ११.५ चं ड्रिल आरपार नेलं. यानंतरची पायरी लोक गाळतात आणि डी-बिटला नावं ठेवतात. भोकाच्या तोंडाशी पहिले १२ मिमी बोअरिंग टूलने बरोबर मापावर आणायचे. गेज म्हणून त्याच सिल्व्हर स्टील रॉडचा उरलेला तुकडा वापरला. तो दाबून आत जाईल, हलणार नाही, इतकं. डी-बिटला रस्ता या तोंडातून मिळतो. तोंड स्पिंडलच्या रेषेत असलं की पाठ तिथे टेकते आणि पुढचं भोक आपसूक त्याच रेषेत जातं, ड्रिल आत थोडं भरकटलेलं असलं तरी.

जॉन विल्किन्सनने १७७४ साली तोफा पोखरण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पुढे वॉटच्या इंजिनाचे सिलेंडर करताना कापणारा दांडा सिलेंडरमधून आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला. त्याआधी एका बाजूने धरलेला दांडा डुलायचा आणि पिस्टनच्या बाजूने वाफ निसटायची. आपल्याकडे दुसऱ्या टोकाला आधार नाही, म्हणून तो भोकाच्या तोंडातूनच मिळवायचा.

लेथ सगळ्यात हळू गिअरवर, शंभर आरपीएमच्या आसपास. दर तीन-चार मिमीला बिट बाहेर काढून ब्रशने कीस साफ. गनमेटलला तेल लावलं नाही, पोलादात मात्र भरपूर लागेल. बीड (कास्ट आयर्न) कोरडंच बरं, तेल घातलं की त्याची काळी पेस्ट होते आणि तीच बोअर घासत बसते. बिट चिरकायला लागलं तर वेग कमी करा, दाब वाढवू नका.

टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटरने बोअर दोन्ही तोंडांशी १२.०२ आणि मध्येही १२.०२ भरला. लॅपिंगची (बारीक पेस्टने घासून घेण्याची) गरज दिसत नाही. पिस्टन ११.९९ चा करतोय, अंगावर तेलासाठी दोन बारीक खाचा. सिलेंडरची बाजूची सपाटी अजून व्हायची आहे. ती बोअरला समांतर हवी, म्हणून उरलेला सिल्व्हर स्टीलचा तुकडा बोअरमध्ये घालून दोन्ही टोकं व्ही-ब्लॉकवर टेकवणार आहे, आणि बाहेरची बाजू त्यावरून सेट करणार आहे. १२.०२ मध्ये १२ चा रॉड किंचित हलेल, तेव्हा एका तोंडाशी कागदाची पट्टी घालावी की मँड्रेलच (बोअरमध्ये घट्ट बसणारा दांडा) वेगळा वळावा, हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.