कापशाचे पाय तांबडे का झाले?

जून म्हणजे आमच्याकडे शाळेच्या गणवेशांची घाई. घरातच दोन शिलाई मशिनी आणि एक ओव्हरलॉक. मेच्या मध्यापासून रात्री अकराशिवाय मशीन बंद होत नाही. त्यामुळे ती चपचप मला ऐकू आली तीच मुळी उशिरा. मशीन थांबवलं की पायाशी आवाज. खाली बघावं तर कापशा पुढचे दोन्ही पाय चाटत बसलेला.

कापशा म्हणजे आमचा सहा किलोचा पांढरा कुत्रा, जात स्पिट्झ. गल्लीत सगळे त्याला पामेरियन म्हणतात, मीही दुरुस्त करायचं सोडून दिलंय. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जीभ हाय तर चाटणारच की." मलाही पटलं. जुलैत शेजारच्या अक्कांनी विचारलं, "काय वो, कुत्र्याला मेंदी लावली का?" तेव्हा उजेडात नेऊन पाहिलं. दोन्ही पंजे तांबडे, बोटांच्या बेचक्यात ओलसर, आणि शिळ्या पिठासारखा आंबूस वास.

मग घरगुती उपाय सुरू झाले. हळद लावली, फरशी पिवळी झाली. अक्कांनी खोबरेल तेलात कापूर सांगितला, तो चाटून चाटून साफ. नवऱ्याने तर स्वतःचं गुडघेदुखीचं मलम काढलं होतं, बरं झालं मी हातातून घेतलं. पुढे कळलं की कापूर कुत्र्याला विषारी असतो, आणि त्या मलमातलं वेदनाशामक पोटाला आणि मूत्रपिंडाला मारक. पायाला लावाल ते सगळं शेवटी पोटात जाणार, एवढं साधं गणित आम्हाला सुचलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांकडे दोन मिनिटांत इंजेक्शन झालं. सहा दिवस एकदम शांत. फक्त पाणी फार प्यायचा, आणि कधी नव्हे ते चादरीवर मुतला. सातव्या दिवशी पुन्हा चपचप. इंजेक्शन कसलं होतं, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न तोच केला. बाकीचं ऐकून म्हणाल्या, स्टेरॉइड असणार, खाज थांबते, कारण तसंच राहतं. मग एकापाठोपाठ प्रश्न. एकच पाय की दोन्ही? वर्षभर की ठरावीक महिन्यांत? झोपेतून उठून चाटतो का? फरशी, चादर चाटतो का? घरात कुणी नसताना? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. आठ दिवस वहीत वेळ लिहा, आणि मोबाइल चालू ठेवून खोलीबाहेर जा, म्हणाल्या.

तपासणी मात्र तेव्हाच झाली. त्यांनी बोटांच्या बेचक्यात साधी चिकटपट्टी दाबली, रंगात बुडवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मलाही पाहायला दिलं. जांभळे ठिपके, मध्ये कंबर असलेले, हुबेहूब भुईमुगाची शेंग. शेंगाचटणीच्या सोलापुरात राहून शेंग ओळखायला कितीसा वेळ लागणार! ते यीस्ट, मॅलॅसेझिया. थोडं प्रत्येक कुत्र्याच्या कातडीवर असतंच, पण ॲलर्जीने कातडी सुजली आणि त्यात लाळेची ओल मिळाली की बेसुमार वाढतं. तांबडा रंग हा वेगळा रोग नव्हे. लाळेत पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, ते पांढऱ्या केसांना डाग पाडतं.

मग बारीक फणीने शेपटीजवळचे केस विंचरले. ओल्या कागदावर काळे दाणे पडले आणि कडेने लालसर झाले. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गोचीड-पिसवा दिसत नाहीत म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण अंगावरची पिसू म्हणजे थोडा भाग, अंडी-अळ्या-कोष सगळं घरात. आणि कापशाची आवडती जागा कोणती? मशीनखालचं चिंध्यांचं गाठोडं. ते त्याच दिवशी बाहेर गेलं. तीन महिने पिसवांचं औषध चालवलं.

पायांसाठी औषधी शाम्पू, आठवड्यातून दोनदा, आणि फेस दहा मिनिटं राहू द्यायचा. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात कुत्र्याचे लाड कुठले! मी एका घमेल्यात फक्त पंजे बुडवायचे आणि त्याला मांडीवर धरून घड्याळाकडे बघत बसायचे. धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं, हे नंतर समजलं. इथे टॉवेलला काय तोटा? टॉवेलचं टोक पिळून एकेका बेचक्यात फिरवायचं. फिनाइलच्या पाण्याने फरशी पुसणं बंद केलं. चाटता येऊ नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घातला तेव्हा तो ओव्हरलॉकच्या पायाला धडकत फिरायचा. दोन दिवस घरात करमणूक, मग सवय.

खाण्याची ॲलर्जी ओळखायला रक्ततपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आठ आठवडे एकच खाद्य, प्रथिनं बारीक तोडलेलं. दुसरा कणही नाही. इथे आमचं घर उघडं पडलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा रोज जेवताना कडक भाकरीचा तुकडा चटणीत बुडवून खाली सोडत होते. चटणीत लसूण, तो कुत्र्याला मुळातच वाईट. तिसऱ्या आठवड्यात पकडले गेले. "एवढ्याशानं काय होतंय?" म्हणाले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पूर्वीसारखं चिकन दोन आठवडे देऊन पाहिलं, काही फरक पडला नाही. म्हणजे खाण्याचा दोष नव्हता. ऑक्टोबर संपेपर्यंत पाऊसही सरला होता, पाय तसेही सुधारले होते. ॲलर्जी हंगामी असावी, असं मॅडम म्हणाल्या, आणि मलाही तेच वाटतं.

वहीने मात्र दोन गोष्टी दाखवल्या. एक, पहाटे चारच्या सुमारास तो पाय नाही, चादर चाटायचा, ओठ चाटत गिळायचा, कधी पिवळं पाणी ओकायचा. संध्याकाळी सातला जेवण, मग सकाळपर्यंत रिकामं पोट, त्याची मळमळ. झोपायच्या आधी त्याच खाद्याचे चार दाणे द्यायला लागले, आणि चादर कोरडी राहू लागली. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी त्याला महिनाभर ओरडत होते.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. मोबाइलमध्ये दिसलं की मी खोलीत नसताना तो बराच वेळ झोपून असायचा. मी मशीनवर बसले की चाटणं सुरू, आणि चाटताना डोळे माझ्याकडे. मी "ए, चाटू नको!" म्हणायचे. दिवसभरात त्याच्या वाट्याला माझं तेवढंच बोलणं यायचं, मग तो दुसरं काय करणार? खाज खरी होतीच, पण तिच्यावर ही सवय चढली होती. ओरडणं बंद केलं. तासाभराने स्वतःहून उठायचं, तो चाटत नसताना, आणि दहा मिनिटं त्याच्याशी खेळायचं. घाईच्या दिवसांत स्टीलच्या ताटलीला त्याचंच ओलं केलेलं खाद्य फासून द्यायचे. चाटण्याने त्याला शांत वाटतं, तर चाट बाबा, पण ताटली चाट.

या दिवाळीत पुन्हा चपचप ऐकू आली. मामा लगेच म्हणाले, "मी काय दिलं नाही हं!" मी पाहिलं तर एकच पाय, डावा. मोबाइलचा टॉर्च लावून बेचकं उघडलं. गवताचं कुसळ, टोक बाहेर दिसत होतं, म्हणून चिमट्याने ओढलं. आत शिरलं असतं तर हात लावला नसता, मॅडमकडेच नेला असता. त्याने दोनदा पाय चाटला आणि मामांच्या ताटाशी जाऊन बसला.