रंग खंय गेलो?

मागच्या वर्षी गावच्या जत्रेत दशावताराचे सहाशेच्या वर फोटो काढले. आमचं गाव कुडाळजवळ. देवळासमोरच्या मांडवात दोन ट्यूबलाइट आणि एक पिवळा हॅलोजन, एवढाच उजेड. नाटक सुरू व्हायला रात्रीचे अकरा वाजून गेले आणि दहीकाल्यापर्यंत तांबडं फुटलं. आयएसओ (कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) ६४००, शटर १/२०० सेकंद, लेन्स एफ १.८ वर पूर्ण उघडी. लढाईच्या प्रसंगात शटर याहून हळू केलं की हात-तलवारी फरफटतात, त्यामुळे इलाज नव्हता.

मुंबईला येऊन लॅपटॉपवर फोटो उघडले, तर संकासुर राक्षसाच्या काळ्या कपड्यावर कुणी रांगोळी उधळावी तसे लाल, हिरवे, जांभळे ठिपके. आयएसओ वाढवला म्हणून नॉइज (हे ठिपके आणि दाणे) आला, असं आपण म्हणतो, पण मूळ कारण उजेडाची टंचाई. प्रकाशाचे कण सेन्सरवर पावसाच्या थेंबांसारखे कमीजास्त पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडले तर चढउतार शंभरेक कणांचा, म्हणजे १ टक्का. शंभरच पडले तर चढउतार दहाचा, थेट १० टक्के. म्हणून काळं कापड आधी बिघडतं, आणि अंधारा फोटो नंतर उजळवला की आणखी उघडं पडतं.

मी एका एआय नॉइज रिडक्शन सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो एकदम टाकले. बटण दाबलं, सकाळी सगळं चकाचक. राजाची भूमिका करणाऱ्या काकांना त्यांचा फोटो लगेच व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तरादाखल त्यांचा फोनच आला: "फोटो बरो आसा गो, पण माज्या तोंडावरचो रंग खंय गेलो?"

मूळ फाइल आणि ही, दोन्ही शेजारी शेजारी १०० टक्क्यांवर लावून बघितल्या. काका रात्री नऊपासून पेटाऱ्यासमोर बसून, हातातल्या आरशात बघत स्वतःच रंग लावत होते. पहाटेपर्यंत घामाने तो कपाळावर बारीक तडकला होता, नाकाशेजारून एक ओघळ उतरला होता, हनुवटीवर रंगाखालून खुंट वर आले होते. सॉफ्टवेअरने हे सगळं पुसून मेणाचा चेहरा केला होता. मुकुटाची जर वितळून तिचे गोळे झाले होते. असं सॉफ्टवेअर स्वच्छ आणि दाणेदार फोटोंच्या जोड्या बघून शिकतं आणि दाण्यांखाली काय असावं याचा अंदाज बांधतं. तडकलेला रंग आणि नॉइज यातला फरक त्याला कळला नाही. मला कळायला हवा होता, मी तिथे पुढच्या रांगेत बसले होते.

आता मी डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरते. फुकट आहे, आणि रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या फाइलवर काम करतं. त्यातलं प्रोफाइलवालं डीनॉइज कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओ बघून नॉइज किती असेल ते ठरवतं. रंगीत ठिपके मी पूर्ण काढते, त्यांत ठेवण्यासारखं काहीच नसतं. उजेडाचे करडे दाणे मात्र फक्त पडद्यावर आणि काळ्या कपड्यावर कमी करते. चेहऱ्याचा भाग मास्कने (सॉफ्टवेअरमधल्या निवडीने) वेगळा करून तिथे जेमतेम पाव जोर. एका फोटोला वीस मिनिटं जातात, म्हणून सहाशेतले चाळीसच निवडले. शार्पनिंग, म्हणजे कडा धारदार करणं, सगळ्यात शेवटी आणि बेताचं, नाहीतर उरलेले दाणेच टोकदार होतात.

आणि एवढं घाबरायचंही कारण नसतं. ६ बाय ४ इंचांची प्रिंट ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून काढली तर १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. माझ्या २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधले अकरा पिक्सेल मिळून प्रिंटमधला एक होतो. त्या सरासरीतच नॉइज एक तृतीयांशाच्या खाली येतो. स्क्रीनवर नाक लावून बघताना हे लक्षात राहत नाही.

यंदाच्या जत्रेला तीच फाइल नव्याने करून ८ बाय १२ ची मॅट प्रिंट नेली. काकांनी ती पेटाऱ्यावरच्या बल्बखाली धरली, नाकाशेजारच्या ओघळावर बोट ठेवलं आणि बाजूच्या मृदंगवाल्याला म्हणाले, "तेवा चार वाजलेले."