स्क्रिप्ट चालली, मग पीडीएफ गेल्या कुठे?

फोल्डरभर एमएक्सडी फाइल्स (आर्कमॅप या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइल्स) आणि प्रत्येकीची पीडीएफ हवी. आर्कपाय, म्हणजे हे नकाशे पायथनमधून हाताळायची लायब्ररी, शिकणाऱ्याची पहिली स्क्रिप्ट बहुतेकदा हीच असते. जेमतेम दहा ओळी, पण त्यातली नकाशाची ओळ क्वचितच चुकते. चुकतो तो पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता. म्हणून एक्स्पोर्टची ओळ आधी कॉमेंट करा आणि तिच्या जागी इनपुट व आउटपुटचे पूर्ण पाथ प्रिंट करा, तेही रेप्र() मधून, म्हणजे पायथनला तो पाथ नेमका कसा कळलाय ते दिसतं. बरोबर पाथमध्ये बॅकस्लॅश जोडीने दिसतात. एकटा दिसला, तर तिथे पायथनने भलताच अर्थ लावलाय असं समजा.

उदाहरणार्थ, फोल्डरचं नाव छोट्या 'टी'ने सुरू होत असेल, तर त्याआधीचा बॅकस्लॅश आणि तो 'टी' मिळून टॅब होतो. छोटा 'एन' असेल तर नवी ओळ. पायथन ३ मध्ये 'यूजर्स' फोल्डरचा मोठा 'यू' आला, की युनिकोडएस्केपची सिंटॅक्स एरर येते आणि स्क्रिप्ट सुरूच होत नाही. अवतरणाआधी 'आर' लावा, नाहीतर सरळ फॉरवर्ड स्लॅश वापरा. 'आर' लावला तरी शेवटी एकटा बॅकस्लॅश ठेवता येत नाही, हे मात्र विसरू नका.

दुसरी हमखास चूक लिस्टडिरची. ओएस.लिस्टडिर फक्त फाइलचं नाव देतं, पूर्ण पाथ देत नाही. ते नाव तसंच एमएक्सडी उघडणाऱ्या मॅपडॉक्युमेंटला दिलं, की 'इनव्हॅलिड एमएक्सडी फाइलनेम' असं उत्तर येतं आणि माणूस चांगल्याभल्या एमएक्सडीवर संशय घेत बसतो. फोल्डर आणि नाव जोडायला ओएस.पाथ.जॉइन वापरा. आउटपुटलाही तेच. तिथे नुसतं अधिक चिन्ह वापरलं आणि मधला स्लॅश राहिला, तर एरर येतच नाही. पीडीएफ एक फोल्डर वर जाऊन पडते आणि नावात फोल्डरचं नाव चिकटलेलं असतं. 'पीडीएफ बनतच नाही' अशी तक्रार असेल, तर आधी तिथे डोकावा.

एक्स्टेन्शन काढायला स्ट्रिप() वापरू नका. ते शब्द काढत नाही, दोन्ही टोकांची अक्षरं कुरतडतं. फाइल 'डी-ए-एम.एमएक्सडी' असेल आणि स्ट्रिपला '.एमएक्सडी' दिलं, तर मागे उरतो फक्त 'ए'. रिप्लेस() बरं, पण एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये असेल तर तेही काही बदलत नाही. ओएस.पाथ.स्प्लिटएक्स्ट हाच सरळ मार्ग. फाइल निवडतानाही आधी लोअर() आणि मग एंड्सविथ().

चाळीस नकाशे आणि पीडीएफ एकच? मग एक्स्पोर्टची ओळ लूपच्या बाहेर सरकलीय, किंवा आउटपुटचं नाव लूपच्या वर एकदाच ठरवलंय. पहिल्या प्रकारात शेवटचा नकाशाच निघतो, दुसऱ्यात प्रत्येक नकाशा आधीच्यावर लिहिला जातो. दिसायला दोन्ही सारखंच.

पाथ स्वच्छ असूनही 'पेजलेआउटऑब्जेक्ट: एरर इन एक्झिक्यूटिंग एक्स्पोर्टटूपीडीएफ' आली, तर त्या संदेशातून काही कळणार नाही, तो मुळातच मोघम आहे. आउटपुट फोल्डर अस्तित्वात आहे का, तिथे लिहायची परवानगी आहे का आणि तीच पीडीएफ रीडरमध्ये उघडी तर नाही ना, एवढं बघा. ट्राय-एक्सेप्ट लिहून खाली पास ठेवलं असेल, तर तो भाग आधी उडवा. एरर गिळणारी स्क्रिप्ट दुरुस्त करता येत नाही.

पीडीएफ निघाली पण थर गायब, ही गोष्ट वेगळी. डेटाची लिंक तुटलेली असली तरी एक्स्पोर्ट बिनतक्रार होतो. त्यामुळे एक्स्पोर्टआधी तुटलेल्या लिंकची यादी देणारं लिस्टब्रोकनडेटासोर्सेस चालवा आणि यादी रिकामी नसेल तर तो नकाशा वगळून त्याचं नाव छापा. पीडीएफऐवजी जेपीईजी काढलीत आणि ती अंधूक येत असेल, तर आर्कमॅपमध्ये तिचं मूळ रिझोल्यूशन ९६ डीपीआय असतं. ३०० हवं तर 'रिझोल्यूशन' असं नाव लिहूनच द्या. नाव न लिहिता तिसऱ्या जागी ३०० टाकलं, तर ती जागा डेटा फ्रेमची, म्हणजे पानावरच्या नकाशाच्या चौकटीची आहे.

आणि इंटरनेटवरचा नमुना उचलण्याआधी तो कोणत्या आर्कपायचा आहे ते पाहा. आर्कपाय.मॅपिंग हे आर्कमॅप आणि पायथन २.७ साठी, आर्कजीआयएस प्रो या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आर्कपाय.एमपी. तिथे एपीआरएक्स (प्रोची प्रोजेक्ट फाइल) उघडायची, लिस्टलेआउट्समधून लेआउट घ्यायचा आणि एक्स्पोर्टटूपीडीएफ त्या लेआउटवरच चालवायचं. एमएक्सडी थेट उघडत नाही, आधी इम्पोर्टडॉक्युमेंटने प्रोजेक्टमध्ये आणावी लागते. शिवाय आत्ता उघडलेल्या प्रोजेक्टसाठीचा 'करंट' हा शब्द फक्त प्रोच्या आत चालतो. स्क्रिप्ट बाहेरून चालवायची तर पूर्ण पाथच द्यावा लागतो.