तुम्ही विचारलंत म्हणून: आता हे कागद काहून मागता?

"काकू, निवडणूक झाली, ज्याले यायचं तो निवडून आला. आता हे कागद काहून मागता?" भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, हा प्रश्न मला सारखा येतो.

मुळात मतदार यादी, उमेदवारांची शपथपत्रं असे हे कागद निवडणुकीआधी बघायचे असतात. मार्च २०२२ पासून नागपूर महापालिकेवर प्रशासक होते. २०१७नंतर आपण मत दिलं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. त्याआधी नोव्हेंबरात प्रभागांच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, मतदार याद्या लागल्या. आमच्या गल्लीतली अकरा घरं नाल्यापलीकडच्या प्रभागात गेलेली होती. हे कळलं तेव्हा हरकतीला चार दिवस उरले होते.

यादी होती, लपवलेली नव्हती. पण पानंच्या पानं फोटोसारखी, नाव टाइप करून शोधायची सोय नाही. शेजारच्या ओसरीवर आम्ही पाचजणी झेरॉक्स घेऊन बसलो आणि पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. झोन कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. अंतिम यादीत नऊ घरं परत आली, दोन तिकडेच राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगते: माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवस असतात. हरकतीची मुदत मात्र मोजक्याच दिवसांची. दहा रुपयांचा अर्ज करून उत्तर येईपर्यंत मतदान होऊन जाईल. म्हणून २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ मला सगळ्यात मोलाचं वाटतं. कुणी मागायच्या आधीच कार्यालयानं माहिती स्वतःहून, लोकांना वापरता येईल अशी मांडावी, असं ते सांगतं. प्रभागाचा नकाशा गल्लीच्या नावांसकट आणि यादी शोधता येईल अशी मिळाली असती, तर अकरा घरांसाठी पाचजणींचे दोन दिवस गेले नसते.

अनेकांचा अर्ज चुकीच्या दारात जातो, तेही सांगते. लोकसभा-विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या; तो वेगळा. मात्र प्रभागाची यादी विधानसभेच्याच यादीचे तुकडे करून बनते. नाव विधानसभेच्या यादीतच नसेल तर महापालिकेच्या वेळी ते नव्यानं घालता येत नाही. ते काम वर्षभर आधी, शांततेच्या काळात करायचं. प्रभाग चुकला असेल, तर मात्र हरकत घ्यायची.

उमेदवारांची शपथपत्रं बघायची ती मतदानाआधीच: मालमत्ता, गुन्हे, शिक्षण. आपल्याकडे एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चारजण निवडायचे, म्हणजे वाचायला ढीग असतो. तरी वाचावं. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवारानं खर्चाचा हिशेबही द्यायचा असतो. मांडव, गाड्या, जेवणावळी आपण डोळ्यांनी बघितलेल्या असतात. हिशेबातल्या आकड्यांशी त्या ताडून बघायला गल्लीतल्या माणसाइतका जाणकार दुसरा कोण?

राहिला तुमचा प्रश्न, आता काहून. त्या दोन घरांसाठी. आमच्या हरकतीची फाइल मी बघायला मागितली. त्या घरांपुढे शेरा होता: "स्थळ पाहणी केली." त्यातल्या एका घरातल्या आजी दिवसभर दारात बसलेल्या असतात, त्यांना कुणी आलेलं आठवत नाही. पाहणी कोणत्या तारखेला झाली आणि अहवालावर सही कुणाची, एवढंच मी माहितीच्या अधिकाराच्या अर्जात विचारलं. उत्तर न येता ३० दिवस उलटले. काल पहिलं अपील टाकलं, पोच घेतली. पुढच्या वेळी यादीचे प्रभागवार तुकडे होतील तेव्हा तो शेरा तसाच पुढे जाऊ नये, एवढ्यासाठी.