२१ बटणं आणि ४ चा पाढा

मुलांना गणित खेळातून शिकवा असं सगळेच सांगतात, पण बरेचसे खेळ म्हणजे नुसती घाई, आधी उत्तर देईल त्याला पॉइंट, आणि मग दोन डावांतच कळतं कोण जिंकणार ते, बाकीची पोरं गप्प होऊन बसतात. मला हा प्रकार अजिबात आवडत नाही. माझी लेक चौथीत आहे, सावकाश विचार करणारी, अशा खेळांत ती कायम मागे पडायची. म्हणून मी असे खेळ शोधायला लागले ज्यात काहीतरी गुपित आहे आणि ते ज्याचं त्याने शोधायचंय.

आम्ही सगळ्यात जास्त रमलो ते बटणांच्या खेळात. २१ बटणं मांडायची, आपल्या पाळीला १, २ किंवा ३ उचलायची, शेवटचं बटण उचलेल तो जिंकला. बस. पहिले तीन-चार दिवस मीच जिंकत होते आणि ती चिडायची, "आई तू चीटिंग करतेस", पण मी काही सांगितलं नाही (हेच सगळ्यात अवघड आहे बरं का, ओठांवर आलेलं उत्तर गिळायचं). मग एकदा उचलता उचलता तिचा हात थांबला. "थांब, ४ उरली आणि पाळी तुझी असली की तू काहीही कर, मीच जिंकते!" त्यानंतर ८ सापडायला अजून दोन दिवस गेले, आणि १२, १६, २० मात्र एका दमात. मी दोन उचलली की ती दोन, मी तीन तर ती एक, दर फेरीला मिळून ४. पाढा तर तिला कधीचा पाठ होता, पण तो असा कामाला येतो हे तिने पहिल्यांदा बघितलं. मग मी नियम बदलला, आता एका वेळी ४ पर्यंत उचलायची. थोडा वेळ बटणांकडे बघत बसली आणि म्हणाली, "मग आता ५ चा पाढा." मी काहीही न सांगता!

वजाबाकीच्या सरावाला गणितज्ञ द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या, त्यांनी १९४९ साली शोधलेला. कुठलीही चार अंकी संख्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, जे येईल त्याचं परत तेच. २०१९ घेतलं तर ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१, मग ९६२१, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे ६१७४ च येत राहतं. जास्तीत जास्त सात वजाबाक्या लागतात. मध्ये एकदा हातचा चुकला तरी पुढे नीट केलं की बहुतेक ६१७४ येतोच, त्यामुळे चूक शोधायला प्रत्येक वजाबाकी तपासावी लागते. लहानांना तीन अंकी द्या, तिथे ४९५ येतो.

सध्या १५ चा खेळ चालू आहे. १ ते ९ आकडे लिहायचे, आळीपाळीने एकेक घ्यायचा, ज्याच्याकडच्या कुठल्याही तिघांची बेरीज १५ होईल तो जिंकला. खरं तर हा आपला फुली-गोळाच आहे, हे नऊ आकडे जादूच्या चौकोनात मांडले (२ ९ ४, खाली ७ ५ ३, खाली ६ १ ८) की आडव्या, उभ्या, तिरक्या आठही ओळींत १५ च येतात. लेकीला हे अजून सापडलेलं नाही आणि मी सांगणारही नाहीये. काल मात्र ती १५ होणारी सगळी त्रिकुटं लिहून काढत होती आणि म्हणाली, "आई, ५ चार वेळा येतो, मी आता पहिला ५ च घेणार."