मेनूला हात न लावणारे मामा

२०२४ च्या सोयाबीन हंगामात मराठवाड्यातील एका बाजार समितीने आपले संकेतस्थळ सुटसुटीत करून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. सचिवांच्या लेखी सुटसुटीत म्हणजे नवा मेनू. जुना मेनू कार्यालयातील कपाटांच्या क्रमाने लावलेला होता: संचालक मंडळ, विभाग, निविदा, परिपत्रके आणि अगदी तळाशी बाजारभाव. तो बदलायला हवाच होता. पण त्याआधी मी एका आडत दुकानात बसून, माल घेऊन आलेल्या पाच शेतकऱ्यांना आपापल्या मोबाइलवर आजचा भाव काढून दाखवण्याची विनंती केली. अशा चाचणीत पाच माणसांकडून बहुतेक दोष उघडे पडतात, असे संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० साली मांडले होते. माझे अर्धे काम पहिल्याच मामांनी केले.

त्यांनी गावच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली लिंक दाबली, सभापती आणि संचालकांच्या छायाचित्रांची पट्टी अंगठ्याने वर सारली आणि मोठ्याने वाचले, "चार हजार आठशे ब्याण्णव." मग माझ्याकडे पाहून विचारले, "मग हे आडते चार हजार शंभरच कसं काय म्हणायलेत?"

४,८९२ रुपये हा त्या हंगामाचा हमीभाव होता आणि खुल्या बाजारातील सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. पानाचे शीर्षक मात्र नुसतेच "सोयाबीन दर" असे होते. हमीभावाचा उल्लेख तळटीपेत, तोही बारीक अक्षरांत. प्रत्यक्ष सौद्यांची किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर दाखवणारी सारणी दुसऱ्याच पानावर होती आणि तिकडे जाण्याची वाट कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांमागे दडलेली होती. नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलेले ते चिन्ह मामांना नक्षी वाटले असावे, कारण त्यांचा अंगठा तिकडे एकदाही गेला नाही. उरलेल्या चौघांपैकीही कोणी मुख्यपृष्ठावरून आले नाही. ज्या पानाच्या सजावटीसाठी समितीच्या बैठका झाल्या, ते कोणी पाहिलेच नव्हते.

त्याहून संताप आणणारी गोष्ट मला संध्याकाळी सापडली. आधीच्या ठेकेदाराने प्रत्येक पानाच्या टायटल टॅगमध्ये, म्हणजे लिंकसोबत दिसणाऱ्या पानाच्या नावात, समितीचे नाव तेवढे घातले होते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर तुरीची, हरभऱ्याची, सोयाबीनची, अगदी निविदेचीही लिंक हुबेहूब सारखी दिसे. दाबल्याशिवाय आत काय आहे ते कळण्याचा मार्ग नव्हता. पानाला नेमके शीर्षक असणे ही डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या, म्हणजे संकेतस्थळ अपंगांसह सर्वांना वापरता यावे यासाठीच्या, मानकातील सर्वांत प्राथमिक, म्हणजे "ए" पातळीची अट आहे. वाचक संकेतस्थळावर नेमका कुठे आहे हे कळावे, ही अट मात्र त्याच मानकाने "एएए" या सर्वोच्च पातळीवर, जवळजवळ ऐच्छिक म्हणून ठेवली आहे, आणि ते मला मुळीच पटत नाही.

मग मेनू बाजूला ठेवून मी आतल्या पानांना हात घातला. "सोयाबीन: प्रत्यक्ष सौद्यांचे दर", त्याखाली वार आणि तारीख, वर "मुख्यपृष्ठ › बाजारभाव › सोयाबीन" असा माग, आणि हमीभावाच्या पानावर पहिल्याच ओळीत सौद्यांच्या दरांची ठळक लिंक. छायाचित्रांची पट्टी आतल्या पानांवरून काढण्यास सभापतींनी नकार दिला. ती दरांच्या खाली नेण्यावर तडजोड झाली. सार्वजनिक संस्थांच्या कामात तंत्रज्ञानापेक्षा अशा वाटाघाटींनाच अधिक वेळ जातो.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. अमावस्येला या बाजारात सौदे होत नाहीत. त्या दिवशी लिंक दाबणाऱ्याला आदल्या दिवसाचे दर तारखेसह दाखवावेत, असे सचिव म्हणतात. माझ्या मते "आज सौदे बंद आहेत" एवढेच आधी दिसावे आणि जुने दर एका लिंकमागे असावेत, कारण तारीख लिहिली म्हणजे ती वाचली जातेच असे नाही. आडत्यांना विचारले, तर निम्मे सचिवांच्या बाजूने आहेत, निम्मे माझ्या.